परतीचे दोर कापलेले बलून

१८७० च्या शरदात पॅरिसच्या ऑर्लेआं स्टेशनातून गाडी सुटेनाशी झाली. फ्रान्सशी लढणाऱ्या प्रशियन फौजांनी १९ सप्टेंबरला शहराभोवतीचा वेढा पुरा केला, तारा तोडल्या, रेल्वेचे मार्ग बंद पाडले. उंच छपराखालची ती मोठी जागा ओस पडली आणि थोड्याच दिवसांत तिथे बायका शिवायला बसल्या. लांब पाकळ्यांसारखे बेतलेले सुती कापड त्या जोडत होत्या. जोडलेल्या कापडाला आतबाहेरून जवसाच्या तेलाचे व्हार्निश चोळायचे, म्हणजे गॅस झिरपत नाही. एकेक बलून सुमारे दोन हजार घनमीटरचे, पुरते फुगले की चार मजली घराएवढे उंच. ऑर्लेआं स्टेशनात गोदार बंधूंचा कारखाना, शहराच्या उत्तर स्टेशनात यों आणि दार्तवा यांचा. गाड्यांच्या जागी आता स्टेशनांतून बलून सुटू लागली.

लढाईत बलून वापरणे फ्रेंचांना नवे नव्हते. २६ जून १७९४ रोजी फ्ल्यूरसच्या रणभूमीवर कूतेल नावाचा अधिकारी बलूनमधून कित्येक तास शत्रूच्या हालचाली टिपत होता. पण ते बलून दोरांनी जमिनीशी बांधलेले होते. काम झाले की खालची माणसे ते ओढून घेत. पॅरिसच्या बलूनचा दोर सुटला तो सुटला. त्याला सुकाणू नव्हते. वारा नेईल तिकडे जायचे आणि उतरेल तिथे उतरायचे. शहरात परत येण्याची सोय त्यात नव्हतीच. मला या साऱ्या उद्योगाचे मर्म याच उणिवेत दिसते. पॅरिसने त्या चार महिन्यांत जे जे रचले, ते ही उणीव भरून काढण्यासाठी.

सुरुवात जुन्यापान्या बलूनवर झाली. छायाचित्रकार नादारने मोंमार्त्रच्या सें-पिएर चौकात निरीक्षणासाठी तळ ठोकला होता. तिथून २३ सप्टेंबरला ज्यूल द्युरूफ ‘नेपच्यून’ नावाचे जीर्ण बलून घेऊन एकटाच वर गेला. शहरातल्या दिव्यांसाठी जो कोळशाचा गॅस बने, तोच बलूनमध्ये भरलेला. सोबत सव्वाशे किलो टपाल. खालून गोळ्या सुटल्या, त्या पोचल्या नाहीत. तीन तासांनी तो एव्ह्रूजवळ, वेढ्याच्या बाहेर उतरला. मग टपालखात्याने नियमच केला: पत्र चार ग्रॅमचे, दर २० सांतीम. लोक पातळ कागदावर बारीक अक्षरांत लिहीत आणि वर ‘माणूस बसलेल्या बलूनने’ अशा अर्थाची फ्रेंच ओळ घालत. वेढा उठेपर्यंत साठाहून जास्त बलून सुटली आणि वीस लाखांहून अधिक पत्रे बाहेर गेली.

पण चालक आणायचे कुठून? गेलेला चालक परत येत नाही, म्हणजे प्रत्येक बलूनला नवा माणूस हवा. किल्ल्यांवरच्या तोफा सांभाळायला आणलेले खलाशी पॅरिसमध्ये होते. दोरखंड, गाठी आणि उंचीची भीती नसणे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. स्टेशनाच्या तुळईला वेताची टोपली टांगायची, खलाशाला तीत बसवायचे, आणि वाळूच्या पिशव्या केव्हा रित्या करायच्या, झडपेची दोरी केव्हा ओढायची, नांगर केव्हा टाकायचा हे घोकून घ्यायचे. एवढ्या शिक्षणावर ही माणसे आभाळात गेली. त्यांच्याबद्दल वाचताना मला दरवेळी थांबावे लागते. त्यांच्यातल्या बहुतेकांचे ते पहिलेच उड्डाण होते.

टपालाबरोबर माणसेही बाहेर पडली. ७ ऑक्टोबरला गृहमंत्री गांबेता ‘आर्मां बार्बेस’मधून निघाले. बलून मध्येच इतके खाली आले की प्रशियनांच्या गोळ्या जवळून गेल्या. एपिनूजजवळ झाडांत अडकून ते उतरले, तूर शहरात पोचले आणि तिथून त्यांनी नव्या फौजा उभ्या केल्या. खगोलशास्त्रज्ञ जान्सेन २ डिसेंबरला ‘व्होल्टा’मधून बाहेर पडले. दोनच वर्षांपूर्वी, १८ ऑगस्ट १८६८ ला, आपल्याकडच्या गुंटूरहून त्यांनी खग्रास ग्रहण पाहिले होते. आता अल्जीरियातले ग्रहण गाठायचे होते. वेढा ओलांडून ते वेळेवर ओरानला पोचले, आणि ग्रहणाच्या दिवशी आभाळ ढगांनी भरले.

पत्रांची उत्तरे शहरात आणायचा प्रश्न कबुतरांनी सोडवला, तोही अर्धाच. पॅरिसची पाळीव कबुतरे बलूनमधून बाहेर न्यायची आणि निरोप बांधून घराकडे सोडायची. पाखराला ओझे किती पेलणार? म्हणून छायाचित्रकार दाग्रों १२ नोव्हेंबरला सामानसुमानासह बलूनमधून निघाला. त्याच दिवशी सुटलेले दुसरे बलून, ‘दागेर’, प्रशियनांच्या हाती पडले, हा निसटला. निरोपांची छापील पाने तो बारीक करून कोलोडियनच्या पापुद्र्यावर उतरवी. एका पापुद्र्यावर हजारो निरोप मावत. असे अनेक पापुद्रे पिसाच्या नळीत गुंडाळून कबुतराच्या शेपटीला बांधत. पॅरिसमध्ये ते जादूच्या कंदिलाने भिंतीवर मोठे दाखवत आणि कारकून एकेक निरोप उतरून घेत. थंडी, ससाणे आणि बंदुका यांतून बहुतेक पाखरे घरी पोचली नाहीत.

नोव्हेंबरमध्ये बलून पकडली जाऊ लागली, तेव्हा उड्डाणे रात्री सुरू झाली. शत्रूला बलून दिसेना, हे खरे. पण चालकालाही खालचे काही दिसेना. २४ नोव्हेंबरच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास रोलिये आणि बेझिये उत्तर स्टेशनातून ‘व्हिल दोर्लेआं’मध्ये बसून निघाले. सोबत पॅरिसच्या फौजेचा प्रमुख जनरल त्रोशू याचा गांबेतांसाठी खलिता होता: पॅरिसची फौज वेढा फोडायला बाहेर पडणार आहे, ल्वारकाठच्या फौजेने तिकडून चालून यावे. पहाटे धुक्यातून रेल्वेसारखी घरघर ऐकू आली. उजाडल्यावर कळले, ती समुद्राची गाज होती. बलून खाली येऊ लागले तशी त्यांनी ओझे कमी करण्यासाठी टपालाची एक थैलीही फेकली. दुपारी बलून बर्फाळ डोंगराला घासत असताना दोघांनी उड्या मारल्या. हलके झालेले बलून वर निघून गेले. ती रात्र त्यांनी रानात काढली. पुढे एका झोपडीत लाकूडतोडे भेटले. भाषा कळेना. अखेर काड्यापेटीवर क्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) हे नाव दिसले तेव्हा उमगले की आपण नॉर्वेत आहोत. पंधरा तासांच्या आत सुमारे साडेबाराशे किलोमीटर!

या उड्डाणाचे कौतुक सगळीकडे होते. मला मात्र त्या खलित्याची हळहळ वाटते. नॉर्वेतून फिरून तो गांबेतांच्या हाती पडला तेव्हा पॅरिसच्या फौजेने मार्न नदी ओलांडून लढाई सुरूही केली होती. दोन फौजांची गाठ पडलीच नाही. वारा जरा पश्चिमेकडे वळता तर लढाईचा निकाल पालटता असे मी म्हणणार नाही. पण एवढी मोठी चढाई एका सुकाणूहीन टोपलीच्या भरवशावर टाकावी लागली, यावरून शहराची कोंडी किती घट्ट होती ते कळते.

‘व्हिल दोर्लेआं’ सुटल्यानंतर चार दिवसांनी प्रांस नावाचा खलाशी ‘झाकार’मधून एकटा निघाला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ त्याने टाकलेले टपाल सापडले. तो सापडला नाही. २७ जानेवारी १८७१ ला लाकाझ ‘रिचर्ड वॉलेस’ घेऊन गेला. ला रोशेलच्या लोकांनी ते बलून गावावरून समुद्राकडे जाताना पाहिले. खाली जमीन असताना तो उतरला का नाही, हे कुणालाच कळले नाही. दुसऱ्या दिवशी ‘जनरल कांब्रोन’ सुटले. ते शेवटचे. त्यात युद्धबंदीची बातमी होती.