साइटवरचा माल आणि आपले गैरसमज

डोंबिवलीत सध्या कुठल्याही गल्लीत जा, एखादी जुनी चारमजली इमारत पाडलेली असते आणि तिच्या जागी पत्र्याचं कुंपण उभं असतं. पुनर्विकासाच्या बैठकांत चर्चा होते ती वाढीव क्षेत्रफळाची, भाड्याची, कॉर्पस फंडाची. इमारत ज्या मालातून उभी राहणार त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर ‘सगळा माल ब्रँडेड आहे’ एवढ्या उत्तरावर विषय मिटतो.

आपल्या परिसराला हे परवडणारं नाही. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये काम चालू असलेली अनधिकृत सातमजली इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. 28 जुलै 2015 रोजी ठाकुर्लीची मातृकृपा ही जुनी इमारत पडली, त्यात 9 जण दगावले. एक इमारत पुरी व्हायची होती, दुसरी वर्षानुवर्षं वापरात होती. दोन्हींच्या आत माणसं राहत होती.

मालाचा चांगलेपणा पावतीवर ठरत नाही. ट्रकमधून उतरल्यापासून काँक्रीटमध्ये जाईपर्यंत त्या मालाचं काय होतं, त्यावर तो ठरतो. नेमके याच टप्प्याबद्दल आपले गैरसमज सर्वांत जास्त आहेत.

गैरसमज: खाडीची रेती जिभेला खारट लागली नाही, की चालते.

वस्तुस्थिती: मोठागाव आणि मुंब्र्याच्या रेतीबंदरांवर उतरणाऱ्या खाडीच्या रेतीशी या भागातल्या बांधकामाचं जुनं नातं आहे. रेतीतलं मीठ सिमेंटपेक्षाही सळईला जास्त घातक ठरतं. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं. मग सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि आतून दाब येऊन प्लास्टर, काँक्रीट फुगून सुटतं. गॅलरीखालचे उघडे पडलेले गज आपण पाहतो, त्यांची सुरुवात बरेचदा अशी झालेली असते.

आयएस 456 या मानकानुसार एक घनमीटर प्रबलित काँक्रीटमध्ये, म्हणजे सुमारे 2400 किलोमध्ये, क्लोराइड 0.6 किलोपेक्षा जास्त नसावं. इतकं बारीक प्रमाण जिभेला कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. रेती गोड्या पाण्याने धुतली तर मीठ उतरतं, पण धुतल्यावर पुन्हा तपासणी हवीच. पाण्याचंही तेच. प्रबलित काँक्रीटसाठी लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते योग्य ठरत नाही.

गैरसमज: क्रश सँड म्हणजे नकली रेती.

वस्तुस्थिती: आयएस 383 या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत दगड फोडून केलेल्या रेतीला रीतसर स्थान आहे. काळ्या दगडाची, नीट चाळलेली क्रश सँड उत्तम काँक्रीट देते, आणि खाडीच्या मिठाचा प्रश्नही त्यात येत नाही. घोटाळा होतो तो खदानीत खडी फोडताना उरलेली भुकटी क्रश सँडच्या नावाने विकली जाते तेव्हा. तिच्यात धूळ फार, कण चपटे आणि टोकदार; माल बसत नाही म्हणून गवंडी पाणी वाढवतो. म्हणून प्रत्येक नव्या पुरवठ्याचा चाळणी अहवाल मागा.

नैसर्गिक रेतीतला गाळ मात्र कुणालाही पाहता येतो. सरळ काठाच्या काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत रेती घ्या, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, जोरात हलवा आणि तीन तास हात लावू नका. रेती खाली बसते, तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसतो. रेतीचा थर 100 मिलिमीटर असेल तर गाळाचा थर 8 मिलिमीटरच्या आत हवा. ही चाचणी गाळ दाखवते, क्षार नाही.

आणखी एक गोष्ट पावसाळ्यात विसरली जाते. ओलसर रेती फुगते. 5 ते 8 टक्के ओलाव्याला तिचं आकारमान 20 ते 30 टक्क्यांनी वाढू शकतं. घमेल्याने मोजून माल कालवला तर रेती कमी पडते, आणि ब्रासने घेतली तर पैसे हवेचे जातात. मोठ्या कामात वजनाने मोजणं हाच उपाय.

गैरसमज: 53 ग्रेड सिमेंट सर्वांत मजबूत, पीपीसी हलकं.

वस्तुस्थिती: 43 किंवा 53 हा आकडा म्हणजे ठरावीक पद्धतीने केलेल्या मॉर्टरच्या ठोकळ्याची 28 दिवसांनंतरची किमान ताकद, मेगापास्कलमध्ये. फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं पीपीसी सुरुवातीला हळू चालतं, पण पुढे ताकद धरत राहतं आणि त्याचं काँक्रीट घट्ट होत असल्याने क्षारांना आत शिरायला वाट कमी मिळते. खाडीकाठच्या गावाला ते सोयीचंच आहे. अट एकच: क्युरिंग. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, तर मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मारावं लागतं. बिगारी चौथ्या दिवशी दुसऱ्या कामाला लावला, तर पीपीसीला दोष देऊन उपयोग नाही.

गैरसमज: पोतं शिवलेलं आहे, म्हणजे सिमेंट ताजं आहे.

वस्तुस्थिती: सिमेंट हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलीशिवाय दुसरं काय असतं? पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट चाचणी केल्याशिवाय वापरू नये.

साठवणीसाठी आयएस 4082 हे मानक आहे. त्यातल्या गोष्टी साइटवर पाच मिनिटांत पाहता येतात. पोती जमिनीवर नकोत; फळ्यांवर 150 ते 200 मिलिमीटर उंच हवीत. बाहेरच्या भिंतीपासून 600 मिलिमीटर मोकळी जागा हवी. थप्पी 10 पोत्यांपेक्षा उंच नको, नाहीतर खालची पोती दाबाने घट्ट होतात. पावसाळ्यात थप्पीवर जाड प्लास्टिक सर्व बाजूंनी हवं. आणि आधी आलेलं आधी वापरायचं, यासाठी प्रत्येक थप्पीला आल्याची तारीख लावलेली हवी. बहुतेक गोदामांत नवा माल दाराशी रचला जातो आणि तोच आधी उचलला जातो. मागची रांग महिनोन् महिने तशीच राहते. पोत्यात हात घालून बघा. बोटांनी सहज मोडणारे गठ्ठे दाबाचे असतात. न मोडणारे गठ्ठे म्हणजे सिमेंट आधीच जमून गेलं. ते चाळून वापरणं ही काटकसर नव्हे.

गैरसमज: गंज दिसला की सळई बाद, किंवा थोड्या गंजाने काही होत नाही.

वस्तुस्थिती: दोन्ही टोकाची मतं चूक. हाताला जेमतेम लागणारा तांबूस थर काँक्रीटच्या पकडीला मारक नसतो. पापुद्रे सुटणारा गंज, तेल, रंग, चिखल मात्र मानकाला मंजूर नाही. असा गंज तारेच्या ब्रशने काढा, मग सळईचं वजन करा. व्यासाचा वर्ग करून 162 ने भागला की मीटरमागचं वजन किलोत मिळतं. 12 मिलिमीटरच्या सळईला ते 0.89 किलो येतं; 12 मीटरची पूर्ण सळई 10.7 किलोच्या जवळ भरते. आयएस 1786 नुसार या सळईच्या लॉटला 5 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी वजन आलं तर लॉट परत पाठवा. लॉटचा टॅग आणि कंपनीचं चाचणी प्रमाणपत्र जुळतंय का, तेही तेव्हाच पाहा. ‘500 डी’ या ग्रेडच्या सळईतला डी तन्यतेचा आहे: तुटण्यापूर्वी ती किमान 16 टक्के ताणली जायला हवी, साधी 500 किमान 12 टक्के. भूकंपात हाच ताण इमारतीला सावरतो.

सळया जमिनीपासून किमान 150 मिलिमीटर वर, व्यासाप्रमाणे वेगळ्या ठेवाव्यात. रखडलेल्या प्रकल्पांत कॉलमचे गज दोन-तीन पावसाळे उघडे उभे राहतात, त्यांना सिमेंटच्या पाण्याचा हात मारून ठेवला पाहिजे आणि काम पुन्हा सुरू करण्यापूर्वी व्यास मोजलाच पाहिजे.

गैरसमज: माल पातळ असला की चांगला बसतो.

वस्तुस्थिती: पाणी-सिमेंटचं गुणोत्तर 0.45 ठेवायचं असेल, तर 50 किलोच्या पोत्याला 22.5 लिटर पाणी, तेही रेतीतला ओलावा धरून. वर 10 लिटरची एक बादली ओतली की गुणोत्तर 0.65 वर जातं. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. ताकद उतरते, क्षारांना वाट मिळते. माल सैल हवा असेल तर प्लास्टिसायझर आहे, व्हायब्रेटर आहे.

तयार काँक्रीटलाही हेच लागू. कल्याण-शिळ रस्त्यावर अडकलेला मिक्सर साइटवर पोहोचेपर्यंत माल आवळतो आणि ड्रममध्ये पाणी सोडायचा मोह होतो. चलनावरची वेळ पाहा. माल भरल्यापासून 2 तासांत ओतला गेला पाहिजे. उशीर झाला असेल, तर निर्णय इंजिनिअरने घ्यावा, ड्रायव्हरने नव्हे.

गैरसमज: क्यूब पास, म्हणजे इमारत पास.

वस्तुस्थिती: क्यूब, म्हणजे काँक्रीटचा चाचणीचा ठोकळा, मिश्रणाची परीक्षा करतो, ओतण्याची, दाबण्याची, क्युरिंगची नाही. शिवाय तो कुठे भरला हे महत्त्वाचं. प्लांटवर भरलेला क्यूब रस्त्यात घातलेलं पाणी दाखवणार नाही, म्हणून नमुना साइटवरच घ्यायला हवा. 30 घनमीटरच्या स्लॅबला तीन नमुने आणि प्रत्येकाचे किमान तीन क्यूब, म्हणजे नऊ. प्रत्येकावर तारीख आणि स्लॅबचं नाव ओला असतानाच कोरलेलं हवं. सातव्या दिवसाचा आकडा अंदाज देतो. निकाल 28 व्या दिवसाचा. क्यूब नापास झाला म्हणून नुसता रिबाउंड हॅमर मारून वेळ मारून नेऊ देऊ नका. त्याचा ताकदीचा अंदाज 25 टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. शंका असेल तिथे कोअर काढून तपासावा लागतो.

गैरसमज: हे सगळं इंजिनिअरचं काम, रहिवाशांचा काय संबंध?

वस्तुस्थिती: तपासणी इंजिनिअरची, पण ती झाली का हे विचारणं रहिवाशांचं काम आहे. त्यासाठी तांत्रिक पदवी लागत नाही, एक नोंदवही लागते: माल कधी आला, कुणाकडून, कोणत्या लॉटचा, चाचणी कधी झाली, निकाल काय, तो कोणत्या मजल्यावर वापरला. अहवाल एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे असावेत आणि त्यांच्या प्रती सोसायटीकडे राहाव्यात. महिन्यातून एकदा कमिटीच्या दोघांनी सल्लागारासोबत गोदाम पाहावं, एखाद्या स्लॅबच्या दिवशी क्यूब भरताना हजर राहावं.

हे हक्क नंतर मागून मिळत नाहीत. वही, प्रती आणि भेटी यांची अट विकास करारनाम्यातच लिहून घ्या. सही होण्यापूर्वी सोसायटीच्या शब्दाला जे वजन असतं, ते पाया खणला गेल्यावर राहत नाही.