छोट्या आगगाडीची चाके आणि त्यांचा हिशेब

पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. ते पाहून परतलेली मुले गाडीसाठी हट्ट धरतात आणि काही घरांत तो हट्ट पुढे वडिलांचाच छंद होऊन बसतो. पहिली गाडी येते, रूळ मांडले जातात, डब्यांची संख्या वाढते. मग एके दिवशी ध्यानात येते की दहा डबे जोडले की इंजिन चढावर अडते आणि एखादा डबा वळणावर हमखास घसरतो. दोष इंजिनाचा समजला जातो. पुष्कळदा तो डब्यांच्या चाकांत असतो.

या छंदात सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’ हे होय. मूळ गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग, आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी घरी जोडलेले ॲथर्नचे निळ्या खोक्यातील डबे याच प्रमाणाचे. किंमत आवाक्यात राहावी म्हणून अशा डब्यांना प्लॅस्टिकची चाके असत. प्लॅस्टिकच्या चाकाला रुळावरचा काळा मळ लवकर चिकटतो, त्याचे पुट चढते आणि डबा उड्या मारीत धावतो. धातूचे चाक तुलनेने स्वच्छ राहते, सहज फिरते, शिवाय डब्याचे वजन तळाशी आणते. वजनाला येथे महत्त्व आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय छांदिष्ट संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचे वजन मूळ एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचास अर्धा औंस असावे. म्हणजे सहा इंची डबा चार औंसांचा, सुमारे ११३ ग्रॅमचा.

गुणांविषयी वाद नाही. अडचण पैशाची आहे. दोन चाके व त्यांना जोडणारा आस मिळून एक चाकजोडी होते. डब्याला दोन बोग्या (आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे त्याखालची चार चाकांची चौकट), म्हणजे चार चाकजोड्या. पन्नास डबे असतील तर दोनशे. समजा एक जोडी एका डॉलरला पडली, तरी दोनशे डॉलर झाले, आणि ते परदेशातील दुकानाच्या दारात. भारतात त्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढते. खेळणी आणि लघुप्रतिकृती एकाच शीर्षकाखाली येतात. त्यांवरील मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. या रचनेत बदल होत असतात, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी चालू दर पाहिलेला बरा. पार्सलवर किंमत कमी लिहून घेण्याचा सल्ला देणारे भेटतात. माल अडकला की त्याच सल्ल्याची किंमत चाकांहून अधिक होते.

घाऊक आणि किरकोळ भावांतील अंतर ज्या घरांना उपजत कळते, त्यांना पुढची वाट सांगावी लागू नये. अमेरिकेतील इंटरमाउंटन ही कंपनी बारा जोड्यांच्या लहान पाकिटांखेरीज शंभर जोड्यांचे मोठे पाकीटही विकते आणि त्यात नगामागे भाव उतरतो. दोन-तीन छांदिष्टांनी मिळून एक पाकीट मागवावे. टपालखर्चही विभागला जातो. मात्र मोठ्या पाकिटात सर्व चाके एकाच मापाची असतात. तेव्हा शंभर मागवण्याआधी बारा मागवून आपल्या डब्यांना लावून पाहणे, यातच शहाणपण आहे.

मापाचा घोळ बहुधा आसाच्या लांबीत होतो. अमेरिकी पद्धतीचा आस साधारण २६ मिलिमीटर, युरोपीय त्याहून किंचित आखूड. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा, पण आखूड आस बोगीत खाली लोंबतो आणि लांब आस घट्ट बसून फिरतच नाही. व्यासाचेही तसेच. अमेरिकेतील जुन्या मालडब्यांची चाके ३३ इंचांची, शंभर टनी डब्यांची ३६ इंचांची. एचओमध्ये ती अनुक्रमे ९.६ व १०.५ मिलिमीटर होतात. आपल्या प्रवासी डब्याचे नवे चाक ९१५ मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ नेमके ३६ इंच. भारतीय गाडी घडवणाऱ्याला अमेरिकी ३६ इंची जोडी डोळे मिटून चालते. (आपला ब्रॉडगेज मार्ग या प्रमाणात १९ मिलिमीटरहून अधिक रुंद व्हायला हवा, १६.५ च्या रुळावर बहुतेक जण तेवढी तडजोड करतात.)

जुन्या मालाच्या बाजारात चाके सर्वांत स्वस्त मिळतात आणि फसगतही तेथेच होते. नेहमीच्या दोन रुळी मांडणीत विजेचे दोन ध्रुव दोन रुळांवर असतात, म्हणून जोडीतील किमान एक चाक आसापासून विलग असावे लागते. जर्मनीच्या मार्कलिनची तीन वाहकांची पद्धत वेगळी. तिची चाके विलग नसतात. तशी जोडी दोन रुळांवर ठेवताच शॉर्टसर्किट होते. दुसरी परीक्षा खिशातल्या लहानशा लोहचुंबकाने करावी. काही मांडण्यांत डबे सोडवण्यासाठी रुळाखाली चुंबक बसवलेले असतात; पोलादी आसाचा डबा तेथे झटका खातो. जुन्या चाकांच्या कडा फार खोल असतील, तर कमी उंचीच्या रुळावर त्या खिळ्यांना घासतात.

पन्नासही डबे एकदम बदलण्याची निकड क्वचितच असते. डबे घेतले जातात हौसेने. रुळावर नियमित धावतात त्यांतले पंधरा-वीस. परिग्रहाची ही छोटी खतावणी मांडली की खर्च आपोआप निम्म्यावर येतो. प्रथम रोज धावणारे आणि इंजिनालगत जोडले जाणारे डबे घ्यावेत, मग सर्वांत हलके; फळीवर शोभेला ठेवलेल्यांना प्लॅस्टिक पुरते. चाक बदलल्यावर पुस्तकभर उंचीच्या उतारावर डबा सोडून तो किती दूर जातो हे मोजावे आणि वहीत टिपावे. काढलेली चाके मात्र फेकू नयेत. त्यांना गंजाचा रंग दिला की सपाट मालडब्यावर ती वर्कशॉपकडे निघालेला माल म्हणून शोभतात, आणि त्यासाठी वेगळे काही विकत आणावे लागत नाही.