उघडे कुलूप, बंद पत्र

पोस्टकार्डावर आपण काय लिहितो? घरची खुशाली, गावी येण्याचा दिवस, परीक्षेचा निकाल. बँकेच्या खात्याचा तपशील किंवा आजारी माणसाचा तपासणी-अहवाल पोस्टकार्डावर कोणी लिहीत नाही. कारण ते ज्या ज्या हातांतून जाईल, त्या प्रत्येकाला वाचता येते. पण हाच मजकूर आपण ई-मेलने मात्र खुशाल पाठवतो. मग विद्यार्थी मित्रांनो, ई-मेल हे पाकीट समजायचे की पोस्टकार्ड?

पत्राचा प्रवास

1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्यातील एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे पहिले पत्र धाडले. ते जाळे लहान होते आणि ते वापरणारेही थोडे होते. मजकूर झाकण्याची सोय त्या पत्रात नव्हती. ई-मेलची मूळ रचना आजही तशीच आहे.

तुम्ही लिहिलेले पत्र प्रथम तुमच्या ई-मेल सेवेच्या संगणकाकडे जाते. तेथून ते तुमच्या मैत्रिणीच्या सेवेच्या संगणकाकडे आणि मग तिच्याकडे पोहोचते. दोन मुक्कामांमधील वाटेवर ते आता बहुधा सांकेतिक रूपात जाते. टपालाची सीलबंद थैली डोळ्यांपुढे आणा. थैली वाटेत कोणी उघडू शकत नाही, पण प्रत्येक मोठ्या कचेरीत ती उघडली जाते आणि आतील पोस्टकार्डे तेथे वाचता येतात. ई-मेलचेही तसेच आहे. मधल्या संगणकांवर त्याची प्रत राहते. त्या संगणकात कोणी चोरवाटेने शिरले, तर ती प्रत त्याच्या हाती लागते. तेव्हा थैली सीलबंद असून भागत नाही. पत्रालाच कुलूप हवे.

च च्या भाषेपासून सीझरपर्यंत

गुप्त बोलणे आपल्याला नवे नाही. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि आरंभी 'च' लावायचा, की 'मला'चे 'चलाम' होते. ही च ची भाषा तुम्हीही बोलला असाल. मात्र तिची युक्ती एकदा कळली की गुपित संपले.

रोमचा सेनापती ज्युलियस सीझर पत्रातील प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतील त्याच्यापुढचे तिसरे अक्षर लिहीत असे. त्या रीतीने आपल्या 'नभ'चे 'बर' होईल. येथे दोन गोष्टी आहेत. अक्षरे पुढे सरकवणे ही 'पद्धत' आणि किती घरे सरकवायची तो आकडा, म्हणजे 3, ही 'किल्ली'. चांगल्या गुप्तलेखनाची कसोटी अशी, की पद्धत साऱ्या जगाला ठाऊक असली तरी चालेल. किल्ली ठाऊक नसेल तर पत्र उघडता कामा नये.

पण येथेच एक अडचण उभी राहते. समजा, तुम्ही रत्नागिरीत आहात आणि तुमची मैत्रीण नागपुरात आहे. तुम्ही कुलूपबंद पत्र धाडलेत. ते उघडायला तिला किल्ली हवी. ती कशी पाठवणार? त्याच टपालाने पाठवली तर पत्र चोरणारा किल्लीही चोरील. स्वतः नेऊन द्यायची, तर पत्राचा मजकूर तेव्हाच तोंडी का सांगू नये? शतकानुशतके राजांना आणि सेनापतींना हीच अडचण होती. किल्ल्या पोहोचवायला विश्वासू दूत ठेवावे लागत.

किल्ली न पाठवता

1976 साली अमेरिकेतील व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी एक वेगळा विचार मांडला. बंद करण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच कशाला हवी? तुमच्या मैत्रिणीने उघडी कुलुपे हवी तितकी वाटावीत. कोणीही त्यांतले एक घ्यावे, पेटीत पत्र घालून कुलूप दाबून लावावे आणि पेटी तिच्याकडे धाडावी. कुलूप लावायला किल्ली लागत नाही आणि उघडणारी किल्ली तर तिच्या घरातून कधी बाहेरच पडलेली नाही! मग चोरी होणार कशाची?

कल्पना सुरेख होती. पण असे कुलूप अंकांतून कसे घडवायचे? त्याची एक रीत पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, रोनाल्ड रिव्हेस्ट, आदी शामीर आणि लेनर्ड एडलमन या तिघांनी शोधली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला 'आरएसए' म्हणतात. ब्रिटनच्या सरकारी गुप्तसंदेश खात्यातील क्लिफर्ड कॉक्स या गणितज्ञाने हीच रीत 1973 सालीच शोधली होती. परंतु ती गुप्त ठेवली गेली आणि 1997 साली उजेडात आली.

कागद-पेन्सिल घ्या

ही रीत आपण लहान आकड्यांवर करून पाहू. तुमच्या मैत्रिणीने 3 आणि 11 या दोन मूळ संख्या मनाशी धरल्या. त्यांचा गुणाकार 33. आता प्रत्येकीतून 1 वजा करून ती गुणाकार करते : 2 × 10 = 20. मग 20 शी सामाईक अवयव नसलेली एक संख्या ती निवडते, समजा 3. शेवटी ती अशी संख्या शोधते, की तिला 3 ने गुणून 20 ने भागले असता बाकी 1 उरावी. ती संख्या 7; कारण 3 × 7 = 21.

आता ती 33 आणि 3 हे आकडे जगाला जाहीर करते. हे तिचे उघडे कुलूप. 7 हा आकडा ती कोणालाच सांगत नाही. ही तिची खासगी किल्ली.

तुम्हाला तिला 4 हा आकडा गुपचूप कळवायचा आहे. जाहीर आकडा 3 आहे, म्हणून 4 चा घन करा : 64. त्याला 33 ने भागा. बाकी 31. हाच आकडा तिला पाठवा. वाटेत कोणी पाहिला तरी पाहू द्या.

31 मिळाल्यावर ती त्याचा सातवा घात करते आणि 33 ने भागून बाकी काढते. घाबरू नका, पायरीपायरीने बाकी घेत गेले की काम सोपे होते. 31 × 31 = 961, बाकी 4. हा झाला दुसरा घात. त्याचा वर्ग 16, हा चौथा घात. चौथा आणि दुसरा यांचा गुणाकार 64, बाकी 31, हा सहावा. पुन्हा एकदा 31 ने गुणले की 961, बाकी 4. तुमचा आकडा जसाच्या तसा परत आला! संगणकात प्रत्येक अक्षराला आकडा असतोच. त्यामुळे आकडे झाकता आले की पत्रही झाकता येते.

तुम्ही म्हणाल, 33 म्हणजे 3 × 11 हे चोरालाही कळेल. मग तो 20 काढील आणि 20 वरून 7 ही काढील. अगदी बरोबर! म्हणूनच खरे आकडे प्रचंड घेतात. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. पण नुसता गुणाकार देऊन त्या दोन संख्या शोधायला सांगितले, तर तो थकतो. दूध आणि पाणी एकत्र करणे सोपे, वेगळे करणे अवघड, तसेच हे. सारे गुपित या एकतर्फी सोपेपणात आहे.

एक गोष्ट आणखी. मोठ्या आकड्यांची ही रीत सावकाश चालते. म्हणून सबंध पत्र साध्या, जलद कुलपाने बंद करतात आणि त्या कुलपाची लहानशी किल्ली तेवढी या रीतीने झाकून पत्राबरोबर पाठवतात.

शंभर डॉलरचे कोडे

ऑगस्ट 1977 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात या रीतीने झाकलेला एक संदेश छापला. त्याच्या मुळाशी 129 अंकी संख्या होती आणि उकल करणाऱ्याला 100 डॉलरचे बक्षीस होते. त्या वेळचा अंदाज असा, की तिचे अवयव पाडायला 4 या आकड्यापुढे 16 शून्ये लिहावी इतकी वर्षे लागतील. प्रत्यक्षात संदेश 1994 साली उलगडला. सुमारे 600 स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांवर कामाचा वाटा उचलला होता. संदेशात निघाले काय? हाडे फोडून खाणाऱ्या एका गिधाडाचे नाव असलेले एक निरर्थक वाक्य!

या गोष्टीचा बोध असा, की कुलूप कायमचे भक्कम नसते. संगणक तर वेगवान झालेच, पण अवयव पाडण्याच्या नव्या युक्त्याही निघाल्या. 2020 साली 250 अंकी संख्येचे अवयव पाडले गेले. आज वापरातील आरएसए कुलुपांत बहुधा 617 अंकी संख्या असते. पुंजयामिकीवर चालणारा पुरेसा मोठा संगणक झाला तर तीही फुटेल, हे पीटर शोर यांनी 1994 सालीच दाखवले आहे. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने 2024 साली वेगळ्या गणितावर आधारलेल्या कुलुपांची मानके जाहीर केली.

कुलूप घरोघरी

ही विद्या सामान्य माणसाच्या ई-मेलपर्यंत आणली ती फिल झिमरमन यांनी. 1991 साली त्यांनी 'पीजीपी' नावाची संगणक-आज्ञावली तयार करून फुकट वाटली. ती देशाबाहेरही पसरली. अमेरिकेचा कायदा त्या काळी भक्कम गुप्तलेखनाची गणना युद्धसामग्रीत करी. तेव्हा झिमरमन यांच्यामागे चौकशी लागली. 1995 साली ती सबंध आज्ञावली चक्क पुस्तकाच्या रूपाने छापली गेली, कारण पुस्तक परदेशी पाठवायला बंदी नव्हती! जानेवारी 1996 मध्ये खटला न भरताच चौकशी बंद झाली.

अशा कुलपाची खरी गरज केव्हा पडते? अमेरिकन सरकार लोकांवर मोठ्या प्रमाणावर पाळत ठेवते, हे एडवर्ड स्नोडेन यांना उघड करायचे होते. 2012 च्या डिसेंबरात त्यांनी नाव न सांगता ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला पीजीपी बसवून घेण्याची विनंती केली. ते खटपटीचे वाटून ग्रीनवाल्ड यांनी टाळले. तेव्हा स्नोडेन यांनी लॉरा पॉइट्रस यांच्याशी संपर्क साधला. त्यांना हे तंत्र येत होते. जून 2013 मध्ये ती बातमी जगभर गाजली.

कुलपाच्या मर्यादा

कुलूप पत्राला असते, पाकिटावरच्या पत्त्याला नव्हे. कोणी, कोणाला, केव्हा लिहिले हे उघडेच राहते. बहुधा पत्राचा विषयही. म्हणून 'विषय' या ओळीत गुपित लिहू नये. दुसरे असे, की एखादा लबाड आपलेच कुलूप तुमच्या मैत्रिणीच्या नावावर खपवील. तेव्हा कुलपाची खूण, म्हणजे तिच्या जाहीर किल्लीचा छोटा अंक-ठसा, फोनवर तिच्याच आवाजात पडताळून घ्यावा. आणि खासगी किल्ली हरवली, तर आपलीच पत्रे आपल्याला कायमची बंद होतात!

आता तुमची परीक्षा. वरच्याच कुलपातून 29 हा सांकेतिक आकडा आला आहे. खासगी किल्ली 7. मूळ आकडा कोणता?

(उत्तर : 17. पडताळा पाहा. 17 चा घन 4913. त्याला 33 ने भागले की बाकी 29.)