थकलेल्या हृदयाला मंद करणारी गोळी कशाला?

हृदयाचे पंपिंग कमी झाले आहे असे डॉक्टर सांगतात आणि चिठ्ठीवर मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल लिहून देतात. घरातले कोणी मोबाईलवर शोधते, तर कळते की ही गोळी ठोके कमी करते. मग प्रश्न उठतो: आधीच थकलेल्या हृदयाला आणखी मंद कशाला करायचे? हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. कित्येक वर्षे जगभरचे डॉक्टर हेच म्हणत आणि अशा रुग्णाला ही गोळी द्यायचे टाळत.

उत्तरासाठी हृदयाच्या एका स्नायूपेशीत डोकावू या. ही पेशी लांबीला मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. तिच्यावर रिसेप्टर नावाचे प्रथिनांचे रेणू असतात. दारावरची घंटाच समजा. आपण घाबरलो, जिना चढलो, पाण्याचा हंडा उचलला की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सुटते. ते ही घंटा वाजवते. मग पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होतो आणि ठोका जोरात, भरभर पडू लागतो. हृदयात अशा घंटा मुख्यतः दोन प्रकारच्या, बीटा-१ आणि बीटा-२.

आता खरी गंमत. पेशीचा पृष्ठभाग सपाट नसतो. त्यावरून आत खोलवर शिरणारे अरुंद बोळ असतात. त्यांना टी-ट्यूब्यूल म्हणतात. आपल्या वस्तीतल्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. २०१० मध्ये लंडन आणि जर्मनीतल्या संशोधकांनी उंदराच्या हृदयपेशी घेतल्या. काचेच्या अतिसूक्ष्म नळीने पृष्ठभाग चाचपून त्यांनी ठरावीक जागीच औषधाचा थेंब सोडला आणि निरोप कुठवर पसरतो ते पाहिले. बीटा-१ घंटा बोळात आणि बाहेर, सगळीकडे होत्या; कुठलीही वाजवली तरी निरोप पेशीभर जाई. बीटा-२ मात्र फक्त बोळात होत्या आणि त्यांचा निरोप तिथल्या तिथेच राही. गल्लीतल्या गल्लीत बोलणे व्हावे तसे.

निकामी होत चाललेल्या हृदयाच्या पेशीत हे चित्र बदललेले दिसले. बीटा-२ घंटा बोळातून निघून बाहेरच्या पृष्ठभागावर आल्या होत्या. घंटा तीच, वाजवणारे रसायनही तेच, पण निरोप आता लाउडस्पीकर लावल्यासारखा पेशीभर पसरत होता. नुसती जागा बदलली आणि संदेशाचा पल्ला बदलला.

घंटा आणखी एका ठिकाणी असते, पेशीच्या पोटात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की गॉल्जी नावाच्या आतल्या भागावरची बीटा-१ सुद्धा काम करते. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला तिथे पोहोचायला वाहक प्रथिनाची मदत लागते. मेटोप्रोलॉल आत शिरून ती घंटा अडवू शकते, सोटॅलॉल शिरू शकत नाही. एकाच वर्गातली औषधे तंतोतंत सारखी नसतात, ती अशी.

हृदय कमकुवत झाले की शरीर ते सावरायला अ‍ॅड्रिनॅलिन वाढवते. सुरुवातीला आधार मिळतो. पण घंटा महिनोन्‌महिने वाजत राहिली तर पेशी थकतात, काही मरतात, ठोक्यांची लय बिघडते. बीटा-ब्लॉकर गोळी घंटेवर हात ठेवते. १९७५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातल्या डॉक्टरांनी अशा सात रुग्णांना हे औषध देऊन सुधारणा झाल्याचे लिहिले, तेव्हा फार थोड्यांना ते पटले. १९९९ मध्ये युरोपातल्या २,६४७ रुग्णांवरच्या बिसोप्रोलॉलच्या चाचणीचे निष्कर्ष आले: गोळी घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी आधीच थांबवण्यात आली.

म्हणून आम्ही हात जोडून सांगतो, बरे वाटले म्हणून किंवा महिनाअखेर पैसे नाहीत म्हणून ही गोळी एकदम सोडू नका. घंटा दाबून ठेवल्यावर पेशी घंटांची संख्या वाढवते. हात अचानक काढला तर सगळ्या एकदम वाजतात: छातीत दुखणे, धडधड, कधी झटकासुद्धा. गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या उरल्या की लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन पुढच्या मागा. सुरुवातीचे काही आठवडे थकवा वाटू शकतो, त्यामुळेच डॉक्टर लहान मात्रेपासून हळूहळू वाढवतात. धाप वाढली, पाय सुजले, चक्कर आली तर मात्र लगेच दाखवा.

घरात कोणाला दमा असेल तर गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा. बीटा-२ घंटा फुप्फुसाच्या नळ्यांतही असतात. तिथे त्या श्वासाची वाट मोकळी ठेवतात आणि कार्व्हेडिलॉल त्याही अडवते. मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरली तर नेहमीची धडधड या गोळीने जाणवत नाही. घाम मात्र फुटतो, त्यावर लक्ष ठेवा.