रिक्त पदांचा रकाना

सरकारी दवाखान्याच्या मनुष्यबळाचा तक्ता तीन रकान्यांचा असतो. मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. छत्रपती संभाजीनगरात वर्तमानपत्र वाचत मोठं झालेल्या माणसाला तिसरा रकाना पाठ असतो. आकडा खालीवर होतो, रकाना जागचा हलत नाही. पण पद रिक्त असलं म्हणून काम थांबत नाही. सलाईन लावायची असते, बाळंतिणीला तपासायचं असतं, रात्री दोन वाजता आलेल्या अपघाताच्या केसला एक्स-रेपर्यंत न्यायचं असतं. ही कामं कुणी ना कुणी करत आलंच आहे. ते कोण, आणि तक्त्यात ते दिसतात का, हे पाहण्यासाठी हा मागोवा.

सुरुवात घाटीपासूनच करायला हवी. शहरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तोवर इथल्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर हैदराबादची वाट धरावी लागे. पाटीवर नाव काहीही असो, त्याचा दवाखाना लोकांच्या तोंडी घाटी. ‘घाटीत नेलंय’ एवढंच कुणी म्हटलं तरी ऐकणारा समजतो, की दुखणं मोठं आहे आणि गाठीला पैसा नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोली इथूनच नव्हे, तर बुलडाणा, जळगाव, नगरकडूनही इथे माणसं येतात.

घाटीने या शहराला उपचार दिले तसा रोजगारही दिला. याचा उल्लेख क्वचित होतो. वॉर्डातली मावशी, स्ट्रेचर ढकलणारा मामा, परिचारिका, परिसेविका, अधिसेविका, लॅबमधला तंत्रज्ञ अशी एक उतरंड होती आणि तिच्यातल्या प्रत्येक पायरीला पद होतं. पदाला वेतनश्रेणी, रजा, निवृत्तिवेतन. आई वर्ग चारमध्ये लागली, तिने मुलीला बारावीपर्यंत नेटाने शिकवलं आणि मुलगी नर्सिंगला गेली, अशी घरं या शहरात आहेत. उद्योग यायच्या आधी इथे पक्की नोकरी देणाऱ्या ज्या थोड्या जागा होत्या, त्यांत सरकारी दवाखाना मोठा होता. सत्तरच्या दशकात अंबाजोगाई, 1988 मध्ये नांदेड, पुढे लातूर अशी मराठवाड्यात सरकारी महाविद्यालयं झाली. शहरात 1982 मध्ये दंत महाविद्यालय आलं.

मग शहराजवळ वाळूजची औद्योगिक वसाहत वसली. बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि शहराची चाल बदलली. 1989 मध्ये डॉ. हेडगेवार रुग्णालय उभं राहिलं, 1990 मध्ये एमजीएमचं वैद्यकीय महाविद्यालय आलं, कमलनयन बजाज रुग्णालयही त्याच सुमाराचं. आरोग्यसेवेत नोकरी शोधणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच घाटीबाहेरही मोठे दरवाजे दिसले. केरळातून आलेल्या सिस्टर शहराच्या ओळखीच्या झाल्या. मात्र खासगी नोकरीत पगाराला सरकारी श्रेणीसारखा आधार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या निकालानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं, की 200 हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकेला राज्य सरकारी परिचारिकेइतकंच वेतन द्यावं आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही ते ₹20,000 च्या खाली जाऊ नये. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. केरळने 2018 मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. ज्या राज्यातून इकडे नर्स येत, त्याच राज्याने आपल्या नर्सचा पगार आधी बांधून दिला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

वळण खरं आलं ते 2005 मध्ये. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिलमध्ये सुरू झालं आणि त्याबरोबर आशा आली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, आरोग्याचं काम बघणारी त्याच गावातली बाई. कल्पना मूळची चांगली होती आणि ती आपल्याच शेजारची होती. बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर, अनेकदा दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं होतं. त्या बायका बाळंतपणं करत, कुष्ठरोगी ओळखत, सरपंचाला पाण्याबद्दल जाब विचारत. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडने दाखवून दिलं, की शाळेची पायरी न चढलेली बाई आरोग्याचं काम उत्तम करते. सरकारने त्यातून एवढंच घेतलं, की हे काम पगाराशिवायही होतं.

आशाला ‘स्वयंसेविका’ म्हटलं गेलं आणि त्या एका शब्दावर वीस वर्षं उभी राहिली. पगार नाही, कामावर आधारित मोबदला. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की ₹100. गरोदर बाईची नोंद, तपासण्या, दवाखान्यात बाळंतपण, हे सगळं पार पडलं की ग्रामीण भागात ₹600. कन्नड किंवा सोयगावच्या एखाद्या वाडीतून कळा सुरू झालेल्या बाईबरोबर रात्री निघायचं, उजाडेपर्यंत बाकड्यावर बसायचं आणि सकाळी घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं, याची किंमत त्या सहाशेमध्ये धरली आहे. रजिस्टर भरण्याचा, सर्वेक्षणाचा, बैठकांचा वेळ वेगळाच. सत्तर हजारांच्या घरात आशा आज राज्यभर हे काम करतात. त्या मंजूर पदांत नाहीत, म्हणून रिक्त पदांतही नाहीत.

याच अभियानाने दुसरा वर्ग निर्माण केला, कंत्राटी कर्मचाऱ्यांचा. अकरा महिन्यांचा आदेश, मध्ये तांत्रिक खंड, पुन्हा आदेश. अभियानाच्या जाहिरातींत गेली काही वर्षं स्टाफ नर्सला महिन्याला ₹20,000, एएनएमला ₹18,000, लॅब टेक्निशियनला ₹17,000 असे आकडे दिसत आले आहेत. एकाच वॉर्डात, एकाच गणवेशात दोन परिचारिका शेजारी उभ्या. एक नियमित, दुसरी कंत्राटी. इंजेक्शन दोघींनाही तेच द्यायचं असतं.

पुढे नावं वाढत गेली. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 पासून आली, तिच्यासोबत रुग्णालयाच्या दारात टेबल टाकून बसणारा आरोग्यमित्र आला. 2014 मध्ये 108 क्रमांकाच्या 937 रुग्णवाहिका राज्यात धावू लागल्या. त्यांचं काम खासगी कंपनीकडे आणि त्यांत बसणारे डॉक्टर बहुतांश बीएएमएस. 2018 नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. तेही प्रामुख्याने आयुर्वेदाचे पदवीधर, सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले, ₹25,000 ठरलेले आणि कामगिरीनुसार ₹15,000 पर्यंत वर. या सगळ्या योजनांनी लोकांचं भलं केलं, यात मला शंका नाही. 108 ने रस्त्यावर जाणारे जीव वाचवले आहेत. पण योजनेने नवं काम निर्माण केलं तेव्हा तिने नवं पद निर्माण केलं नाही, हेही तितकंच खरं.

मग कोविड आला. मार्च 2020 च्या मध्याला शहरात पहिला रुग्ण सापडला आणि मे महिन्यात तेव्हा औरंगाबाद म्हटल्या जाणाऱ्या या शहराचं नाव राज्याच्या काळजीच्या यादीत गेलं. चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, लोक ज्याला मिनी घाटी म्हणतात, ते कोविडसाठी राखीव झालं. मेल्ट्रॉनच्या इमारतीत महापालिकेचं रुग्णालय उभं राहिलं. भिंती आठवड्यांत तयार झाल्या, माणसं कुठून आणायची? तीन-तीन महिन्यांच्या आदेशांवर डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय घेतले गेले. नुकताच कोर्स संपवलेल्या पोरी पीपीई किट घालून आठ-आठ तास पाण्यावाचून उभ्या राहिल्या. सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. त्यांना कोविडसाठी मिळणारा जादा भत्ता महिन्याला ₹1,000 होता, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. लाट ओसरली तसे आदेश संपले. टाळ्या वाजवलेल्या आपल्या सगळ्यांना त्या मुलींचं पुढे काय झालं ते विचारावंसं वाटलं नाही, याची मला आजही खंत आहे.

त्याच काळात कायम भरतीचं जे झालं त्याचा उमेदवारांच्या मनावरचा ओरखडा अजून गेलेला नाही. आरोग्य विभागाने 2021 मध्ये गट क आणि ड मिळून 6,205 पदांची परीक्षा जाहीर केली. सप्टेंबरमधली परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. मुलं तोवर एसटीत बसून परगावच्या केंद्रांकडे निघाली होती. ऑक्टोबरमध्ये ती झाली आणि पेपर फुटल्याचं उघड झालं. विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली, शेवटी परीक्षा रद्द झाली. नव्याने 10,949 पदांची जाहिरात निघायला ऑगस्ट 2023 उजाडला. ज्यांचं वय दरम्यान उलटून चाललं होतं, त्यांच्यासाठी ही दोन वर्षं म्हणजे एक आयुष्य होतं.

ऑक्टोबर 2023 चा पहिला आठवडा मराठवाडा विसरणार नाही. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू, त्यांत 12 नवजात बाळं. पाठोपाठ घाटीत 24 तासांत 18. गंभीर अवस्थेत, उशिरा पाठवलेले रुग्ण जास्त होते असं रुग्णालयांचं म्हणणं होतं आणि ते नाकारण्याचं कारण नाही. शेवटची आशा म्हणूनच लोक तिथे येतात. पण मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा चर्चा पुन्हा त्या तिसऱ्या रकान्याशी येऊन थांबली. नांदेडमध्ये वरिष्ठ डॉक्टरांच्या 97 मंजूर पदांपैकी 49 भरलेली, अशी माहिती न्यायालयासमोर आली. आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर रिक्त पदं होती. नंतर बातम्या बदलल्या.

मंजूर पदांचा आकडा तरी पुरेसा आहे का? भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष सांगतो, की शिकाऊ रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे. 1,177 खाटांच्या घाटीत खाटांपेक्षा रुग्ण जास्त असणं ही रोजची गोष्ट आहे आणि जमिनीवर गादी टाकलेला रुग्ण कुठल्याच आकृतिबंधात मोजलेला नसतो. म्हणजे सगळी पदं भरली तरी हिशोब कच्चाच राहील.

उरलेलं काम नातेवाईक करतात. स्ट्रेचर तेच ढकलतात, रक्ताची बाटली तेच आणतात, रात्री सलाईन संपली का ते तेच पाहतात. मे 2018 मध्ये घाटीतला एक फोटो देशभर फिरला होता. वडिलांच्या खाटेशी, हात उंच करून सलाईनची बाटली धरलेली सात वर्षांची मुलगी. स्टँड आणेपर्यंत थोडाच वेळ ती उभी होती, असा खुलासा रुग्णालयाने केला. मी तो खरा धरतो. पण वॉर्डात हात कमी असले की जवळ उभा असलेला पहिला हात कामाला लागतो, मग तो कितीही लहान असो.

एवढं असताना महाविद्यालयं वाढतच राहिली. धाराशिव 2022, परभणी 2023, आणि 2024 मध्ये एकदम दहा, त्यांत जालना आणि हिंगोली. घाटीत एमबीबीएसच्या जागा 200 झाल्या. जिल्ह्याला महाविद्यालय मिळणं चांगलंच. गंगाखेडच्या मुलीला परभणीत शिकता येतं हे मला मनापासून आवडतं. फक्त नव्या महाविद्यालयाची तपासणी आली, की जुन्या महाविद्यालयातले प्राध्यापक तात्पुरत्या बदलीवर तिकडे जातात, हा राज्यात रुळलेला रिवाज आहे. त्याने तपासणी पार पडते, पण जिथून प्राध्यापक गेला तिथल्या ओपीडीची रांग वाढते.

मार्च 2024 मध्ये दोन निर्णय झाले. ऑक्टोबर 2023 च्या संपानंतर आणि आझाद मैदानावरच्या ठिय्यानंतर आशांना कामाच्या मोबदल्याशिवाय राज्याकडून मिळणाऱ्या मासिक मानधनात ₹5,000 ची वाढ मिळाली. राज्याचं मानधन ₹10,000 वर गेलं. आणि आरोग्य अभियानात दहा वर्षं पूर्ण केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय निघाला. त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, राज्याने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांताशी करार केला होता. तिकडे माणसं हवी आहेत, नर्सही हव्या आहेत, म्हणून इथल्या तरुणांना जर्मन शिकवून पाठवायचं. जाणाऱ्या मुलीला मी अडवणार नाही. तिच्या शिक्षणाला तिथे पद मिळतं.

2025 च्या जुलैमध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या. 19 ऑगस्टपासून अभियानाचे कर्मचारी कामबंद आंदोलनाला बसले. त्यांची मागणी नवी नव्हती. 14 मार्च 2024 च्या शासन निर्णयाची अंमलबजावणी करा, एवढंच म्हणणं होतं. तो निर्णय निघाला तेव्हा ज्यांची दहा वर्षं भरली होती, त्यांची आता साडेअकरा होत आली होती.