जुन्या नोंदी आणि नवी घाई

ग्रंथालयाची सूची हे सूचीकारांच्या कित्येक पिढ्यांच्या श्रमांतून साठलेले भांडवल होय. आज ते जुन्या संगणकीय साच्यातून नव्या साच्यात हलविले जात आहे. या स्थलांतरात गळती किती होते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

मराठी ग्रंथांचेच उदाहरण घेऊ. पी. एल. ४८० कायद्यान्वये भारताला विकलेल्या अमेरिकी धान्याच्या मोबदल्यात जे रुपये साठले, त्यांतून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकी ग्रंथालयांसाठी खरेदी होऊ लागली. तेथे मराठी ग्रंथांची नोंद रोमन लिपीत झाली. ‘ट’ आणि ‘त’ यांतील भेद अक्षराखालील एका बिंदूवर सोपविला गेला.

पुढे अशा नोंदी ‘मार्क’ पद्धतीत उतरल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरॅम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात सिद्ध झालेली ही पद्धत चुंबकीय फितीच्या काळातील. नोंदीच्या आरंभी २४ वर्णांचे शीर्ष. त्यानंतर प्रत्येक मजकुरासाठी १२ अंक: तीन त्याच्या प्रकाराचे, चार लांबीचे, पाच स्थानाचे. २४५ म्हणजे ग्रंथनाम. नियम इतके काटेकोर असल्याने आज्ञावलीने नोंद उलगडणे सोपे वाटते.

मेख पुढेच आहे. जुन्या संकेतप्रणालीत तो बिंदू अक्षराच्या आधी लिहिला जाई. युनिकोडमध्ये तो नंतर येतो. हे न जाणणारी आज्ञावली बिंदू मागल्या अक्षराला चिकटविते किंवा गाळूनच टाकते. मग ‘पाटील’ आणि ‘पातील’ यांत भेद उरत नाही. सूचीकाराने प्रकाशनवर्ष कंसात, प्रश्नचिन्हासह लिहिले असेल, तर ‘सफाई’त ती चिन्हे जातात आणि प्रामाणिक शंकेचे खोट्या निश्चितीत रूपांतर होते. त्या वर्षावर विसंबणारा संशोधक फसतो.

लाखो नोंदी हाताने तपासणे अशक्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच यंत्राला अटी घालाव्यात. मूळ नोंद अबाधित ठेवावी. नियमात न बसणारी नोंद अंदाजाने दुरुस्त न करता भाषा जाणणाऱ्या ग्रंथपालाकडे पाठवावी. काटकसरीच्या नावाखाली त्याच ग्रंथपालाचे पद रिक्त ठेवणे म्हणजे पुढील पिढीच्या नावे कर्ज काढणे होय. आपली विद्यापीठे जुन्या सूची संगणकावर आणताना ‘किती नोंदी झाल्या’ एवढेच न विचारता ‘किती तपासल्या’ हेही कंत्राटात लिहून घेतील, तर हे कर्ज टळेल.