गाव एक, कारभारी तीन

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात रानशेत नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी डहाणू रोड स्थानकावर ज्या आगगाडीत बसतो, ती केंद्र सरकारची असते. त्याच्या जमिनीचा सात-बारा ज्या दप्तरात असतो, ते राज्य सरकारचे असते. गावातील दिवाबत्तीची काळजी वाहते ती ग्रामपंचायत. गाव एक, मग कारभारी तीन कशासाठी?

आपला देश विस्तीर्ण आहे. डहाणूच्या जंगलपट्टीतील शेतकऱ्याची नड दूर दिल्लीत बसून नीट कशी कळावी? उलट, प्रत्येक प्रांताने निराळे सैन्य आणि निराळे नाणे ठेवले, तर देश एक कसा राहावा? या दोन्ही अडचणींतून काढलेली वाट म्हणजे संघराज्य होय.

अमेरिकेत प्रथम तेरा राज्ये होती. १७८७ साली घटना तयार करून त्यांनी एक संघराज्य उभारण्याचे ठरविले. आपल्याकडे मात्र निराळे घडले. इंग्रजी अमदानीत डहाणू मुंबई प्रांतात होते, तर शेजारचे जव्हार हे संस्थान होते. १९३५ च्या कायद्याने कारभाराचे विषय तीन याद्यांत वाटले. १९४८ साली जव्हार संस्थान विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या घटनेनेही तीन याद्या ठेवल्या. संरक्षण, रेल्वे, टपाल व चलन हे विषय केंद्राकडे आहेत. पोलीस, शेती व जमीनमहसूल हे राज्याकडे. तिसरी यादी दोघांची. वने व शिक्षण हे विषय पूर्वी राज्यांच्या यादीत होते. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ते तिसऱ्या यादीत आले.

या वाटणीचे महत्त्व केवढे आहे, हे डहाणूच्या शेजाऱ्यांनी अनुभवले आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली. तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुकाही दुभंगला. त्यातील ४७ गावे व ३ शहरे गुजरातेत गेली. उरलेली २७ गावे प्रथम डहाणू तालुक्यास जोडली गेली आणि १९६१ साली त्यांचा तलासरी हा स्वतंत्र महाल झाला. शेजारी असलेल्या गावांचे पोलीस, महसूल आणि विधानसभा निराळ्या झाल्या. देश मात्र एकच राहिला.

ही रेषा संसदेच्या कायद्याने ठरली. राज्याची सीमा बदलताना संसदेने त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत विचारावे लागते. परंतु त्याची संमती आवश्यक नसते. अधिकारांच्या याद्यांचे तसे नाही. त्या बदलावयाच्या, तर संसदेतील विशेष बहुमताबरोबर निदान निम्म्या राज्यांची संमती लागते. म्हणजे केंद्र थोर खरे. पण राज्याच्या हातचे अधिकार त्याला मनास येईल तेव्हा काढून घेता येत नाहीत.

जिल्ह्याची सीमा मात्र राज्य सरकार ठरविते. म्हणूनच १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू व तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथील ग्रामसभांना १९९६ च्या कायद्याने विशेष अधिकार दिले आहेत.

तेव्हा एखादे काम अडले, तर ते कोणाच्या यादीतील आहे, हे प्रथम पाहावे. जाब कोणास विचारावा, हे ज्यास कळते, त्याचे काम सहजासहजी कोणी टाळू शकत नाही.